नोंद न झालेला चहा

दुपारचे चार वाजले की माझ्या पोटात ग्वाल्हेर घराणं जागं व्हायचं. आधी विलंबित, मग जरा गमक, आणि पाचच्या सुमारास खालून वर सरळ चढत जाणारी सपाट तान. तानसेनाची समाधी असलेल्या गावात ही तक्रार कुणाला सांगायचीही पंचाईत. श्रोता गंभीर चेहरा करून राग ओळखायला बसतो. माझ्या श्रोत्यांनी रोग ओळखला, आणि प्रत्येकाने वेगळा.

मी महालेखाकार कार्यालयात, इथल्या बोलीत ‘एजी ऑफिसात’, चौतीस वर्षं काढली. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या पदरात जी थोडी कार्यालयं राहिली त्यांतलं हे एक. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढले. सिंचन खात्याने घेतलेल्या घमेल्यांची संख्या आणि मजुरांची संख्या यांचा मेळ का बसत नाही, हे मी कागदावरून सांगत असे. निवृत्त झालो, थाटीपुरात आधीच बांधून ठेवलेल्या घरात गच्चीवर खुर्ची टाकून बसलो, आणि सहा महिन्यांत माझ्याच पोटाचा मेळ बसेना.

मराठीला या बाबतीत शब्दांचा तुटवडा नाही. वांगं बाधतं, दूध मानवत नाही, तेल सोसत नाही, परगावचं पाणी लागतं, आणि अंगावर लाल गांधी आल्या की पित्त उठतं. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरने १९०६ साली घडवला. तोवर आपल्या किती आज्या आमसुलाचं पाणी अंगाला चोळून, रोग्याला घोंगडीत गुंडाळून मोकळ्या झाल्या होत्या. आता डॉक्टर यात दोन कप्पे करतात. एकात शरीराची संरक्षक फौज एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून तुटून पडते, ती खरी ॲलर्जी. ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला, तर तिथे डायरी काढून बसायचं नसतं, थेट दवाखाना गाठायचा असतो. दुसऱ्या कप्प्यात फौजेचा काही संबंध नाही. पदार्थ आतड्यात नीट पचत नाही, एवढंच. तो जीव घेत नाही, पण चारचौघांत बसू देत नाही. आपलं ‘बाधणं’ या दोन्ही कप्प्यांवर ऐसपैस मांडी घालून बसलेलं आहे.

माझं प्रकरण दुसऱ्या कप्प्यातलं, हे आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं. भीतीचं काही नाही म्हणाले. ‘काहीतरी बाधतंय तुम्हाला. काय ते शोधा.’ म्हणजे फाइल परत माझ्याच टेबलावर.

पहिली आरोपी अर्थातच बेडई. दर रविवारी सकाळी मी थाटीपुराहून लष्करात जातो. लष्कर म्हणजे खरोखरच लष्कर. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये इथे पडला आणि उठलाच नाही, छावणीचं शहर झालं, नाव मात्र मराठी राहिलं. तिथे नया बाजारात उडदाच्या डाळीची बेडई, बटाट्याची झणझणीत रस्साभाजी, वर जिलबी, आणि मन फारच मोठं झालं तर वाजपेयींना आवडायचे ते बहादुराचे लाडू घरी बांधून. हिचं म्हणणं, ‘अहो, त्या कढईतलं तेल तुमच्या नोकरीइतकं जुनं असेल.’ बेडईबद्दल हिचा राग आजचा नाही. रविवारी सकाळी मी घरात जाळी-जळमटं काढायला उपलब्ध नसतो, हे त्या रागाचं मूळ.

पुण्याहून ताई आली तिने मोहरीच्या तेलावर बोट ठेवलं. आमच्या शेजारी मुरैना. तिकडे हिवाळ्यात मैलोगणती शेतं पिवळी असतात, आणि इथली मराठी घरंही आता भाजीला सर्रास तेच तेल घालतात. ताईला फोडणीचा धूर सोसत नाही. पदर नाकाला लावून ती म्हणाली, ‘हे तेल दिव्याला घालायचं की पोटात?’ मोहरीच्या तेलावर डाग नाही असं मी म्हणणार नाही. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल त्यात मिसळलं गेलं आणि अंगावर सूज चढून साठावर माणसं दगावली. त्या धोत्र्याला हिंदीत सत्यानाशी म्हणतात, नाव ठेवणाऱ्याने काही लपवून ठेवलेलं नाही. पण माझं पोट काही सुजत नव्हतं, गात होतं.

मग ताईने पाणी धरलं. ‘तुमचं ग्वाल्हेरचं पाणी जड. मला तर आल्या दिवशीच लागतं.’ इथे मात्र मला तिला गप्प बसवण्याची संधी मिळाली. आम्ही पितो ते तिघरा धरणाचं पाणी, आणि ती पिते ते खडकवासल्याचं. आपोआप उघडणारे जे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आधी खडकवासल्याला बसवले, त्याच बनावटीचे पुढे तिघऱ्याला बसले. एकाच इंजिनिअरच्या हाताखालून गेलेलं पाणी पुण्याला हलकं आणि ग्वाल्हेरला जड कसं होईल? ताई म्हणाली, ‘दरवाजे तेच असतील, पाण्यामागची माणसं वेगळी.’ पुणेकरांशी वाद घालताना आपली बाजू बरोबर असून भागत नाही.

शेजारच्या मास्टरसाबांचा संशय आमच्या वरणावर होता. ‘आप लोग दाल में भी गुड़ डालते हो, भाईसाब,’ एवढंच ते म्हणाले, पण हे वाक्य ते वीस वर्षांपासून पोटात दाबून असावेत असं वाटलं. आणि माझा स्वतःचा संशय वांग्यावर. कारण उघड आहे. मला वांगं आवडत नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे तपास चाललेलाच नाही, जुनी वसुली चालली आहे. हिला माझा रविवार नको होता, ताईला ग्वाल्हेर नको होतं, मास्टरसाबांना गूळ नको होता आणि मला वांगं. माझ्या पोटाच्या निमित्ताने ज्याने त्याने आपापलं जुनं बिल पुढे सरकवलं.

बंगळुरूच्या मुलाने मधला मार्ग काढला. एका खासगी प्रयोगशाळेचा माणूस घरी आला, रक्त घेऊन गेला, आणि दहा दिवसांनी दोनशेहून अधिक पदार्थांची रंगीत यादी आली. लाल रंगात गहू, दही, तूर, शेंगदाणे, हिंग, जिरं. हिरव्या रंगात ऑयस्टर, ॲव्होकॅडो, सामन मासा आणि ब्लूबेरी. आयुष्यात न पाहिलेले सगळे पदार्थ मला मानवत होते आणि रोज ताटात असलेला प्रत्येक पदार्थ बाधत होता. हिने यादी वाचून विचारलं, ‘मग उद्या डब्याला ऑयस्टर देऊ?’ आमच्या डॉक्टरांनी ती बघून टेबलावर पालथी घातली. त्यांनी सांगितलं ते असं, की या चाचणीत आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात, आणि ती तर आपण जे खातो त्याची शरीराने ठेवलेली ओळख असते. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या कामासाठी ही चाचणी वापरू नका असं स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे मुलाने इतके पैसे भरून माझ्या खाण्याचं स्टॉक रजिस्टर मला पाठवलं होतं. नोंदी बरोबर होत्या, फक्त त्यांना कुणीतरी गुन्ह्यांची यादी समजून लाल शाई लावली होती.

‘यापेक्षा साधी वही घाला,’ डॉक्टर म्हणाले. ‘काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता. तीन आठवडे. काही सोडू नका.’

वही! या एका शब्दाने माझी निवृत्ती संपली. मी जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही आणली, रकाने आखले, पहिल्या पानावर ‘श्री’ घातला. नाश्ता, जेवण, फळं, रात्रीचं जेवण. त्रासाला शून्य ते पाच असे गुण. शेरा वेगळा. पंधरा दिवसांत वही अशी देखणी झाली की माझे जुने साहेब असते तर तिच्यावर हात फिरवून पाहिला असता.

आणि वहीने पहिलाच धक्का दिला. रविवारी गुण शून्य! तेलात न्हालेली बेडई, जिलबी, दुपारी पोटभर मसालेभात, आणि चार वाजता आतून चकार शब्द नाही. सोमवारी मुगाची खिचडी, भाजलेला पापड, आणि पाच वाजता द्रुत एकताल. मी तिन्ही रविवार ताडून पाहिले. बेडई सपशेल निर्दोष सुटत होती. तेलही सुटलं, कारण ते रोजचंच. वांग्यालासुद्धा, मोठ्या दुःखाने, मला सोडावं लागलं. मंगळवारी भरली वांगी होती आणि त्रास सोमवारएवढाच होता, कणभर जास्त नाही.

आठवडाभर मी त्या वहीकडे बघत बसलो. शेवटी एका दुपारी हिने ती माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि म्हणाली, ‘अहो, यात चहा कुठे आहे?’

‘चहा?’

‘सकाळी उठल्या-उठल्या घेता तो. मग फिरायला जाता तिथे चौराह्यावर दोन. मग पेन्शनवाल्यांच्या बैठकीत. बँकेत गेलात तर तिथे. मास्टरसाब आले की त्यांच्याबरोबर.’

मी म्हणालो, ‘अगं, चहा हे काय खाणं आहे?’

ती काही बोलली नाही. बोटाने पुढचं पान उलटलं. ‘आणि ते साडेबाराचं थंड दूध?’

‘ते औषध आहे. पित्तावर.’

चौतीस वर्षांत मी ज्या वाक्यावर सगळ्यांत जास्त आक्षेप काढले ते वाक्य म्हणजे ‘साहेब, त्याची वेगळी नोंद ठेवायची पद्धत नाही.’ ते आता माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं, फक्त शब्द वेगळे.

आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. दुधात शंभर मिलिलिटरला साधारण पाच ग्रॅम दुधातली साखर असते, लॅक्टोज. चौराह्यावरचा चहा म्हणजे दुधात नुसती पत्ती दाखवून काढलेला. इथे म्हशी मजबूत आणि चहावाले स्वाभिमानी, पाणी घातलं तर गिऱ्हाईक आधी भांडतं. एका पेल्यात साठ मिलिलिटर दूध धरा, तीन ग्रॅम. दुपारपर्यंत असे पाच, म्हणजे पंधरा. त्यावर साडेबाराला पाव लिटर थंड दूध, आणखी बारा ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, ज्यांना हे मानवत नाही अशांपैकी बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅम, म्हणजे पेलाभर दूध, खपून जातं. माझा पेला आधीच काठोकाठ भरलेला असायचा आणि मी त्यावर औषध म्हणून आणखी एक ओतत होतो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, आणि त्यांच्या मेजवानीतून निघालेला वायू दोन-तीन तासांनी गायला बसतो. तोवर आपण मध्ये जेवलेलो असतो. मग बोट उठतं ते शेवटच्या ताटाकडे. बिचारी खिचडी!

रविवारचं कोडंही उलगडलं. रविवारी फिरायला जाणारी मंडळी येत नाहीत, त्यामुळे चौराह्यावरचे दोन चहा बाद. पेन्शनर नाहीत, बँक नाही. आणि तळकट-खारट खाल्ल्यावर वर दूध प्यायचं नाही, हा माझ्या आईने घालून दिलेला नियम ही अजून पाळते. त्यामुळे बेडईच्या दिवशी थंड दुधाऐवजी ताक. दह्या-ताकात विरजणाच्या जंतूंनी ती साखर थोडीफार आधीच खाल्लेली असते, उरलेली पचवायलाही तेच हात लावतात. मी ज्या दिवशी मनसोक्त पाप करायचो त्याच दिवशी पोटाची सेवा होत होती.

(आईचा नियम कुठून आला असेल? चरकाच्या सूत्रस्थानात सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची लांबलचक यादी आहे. ती वाचताना माझा जीव धसकला, कारण दुधाबरोबर न खायच्या फळांत केळंही आहे. म्हणजे शिक्रण बाद. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांनी चरकाला हे कळू दिलं नाही म्हणून बरं.)

हे सगळं आधी का झालं नाही, हा माझा पुढचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, लहानपणी दूध पचवणारा लॅक्टेज नावाचा रस बहुतेक सस्तन प्राण्यांत दूध सुटल्यावर आटत जातो. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश मोठ्या माणसांचं हेच होतं. काहींच्या जनुकात एक बदल असतो आणि त्यांना म्हातारपणापर्यंत दूध पचतं. भारतात तो बदल वायव्येकडे जास्त सापडतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी कमी होत जातो. मास्टरसाब रात्री कढईतलं लिटरभर दूध साय ओरपत पितात आणि सकाळी ताजेतवाने दिसतात ते यामुळे असेल. माझे पूर्वज शिंद्यांच्या मागून साताऱ्याकडून आले. दोनशे वर्षांत आम्ही तेल बदललं, बोली बदलली, ‘चौक’ सोडून ‘चौराहा’ म्हणू लागलो, पण आतड्याला अजून बदलीचा हुकूम पोचलेला नाही. नोकरीत असताना हे उघडकीला आलं नाही कारण आमच्या ऑफिसचा चहा. त्यात दूध होतं असा आरोप कुणीही केला नसता.

तर चहा दिवसाला दोनवर आला, थंड दूध गेलं, आणि संगीत निम्म्यावर आलं. निम्म्यावरच का? मी पुन्हा वही उघडली. आता सगळं लिहीत होतो. चहा, पाणी, तुळशीचं पान. तरी पाच वाजता एखादी मुरकी यायचीच.

हे कोडं धुण्याच्या दिवशी सुटलं. आमच्याकडे मशिनमध्ये कपडे टाकण्याआधी हिच्याकडून खिशांची झडती होते. लग्नापासूनची पद्धत, पूर्वी त्यातून सिनेमाची तिकिटं निघायची. या वेळी सदऱ्याच्या खिशातून चांदीसारख्या कागदांचा चोळामोळा निघाला. तिने तो ओट्यावर पसरला आणि मोजला. सतरा.

झालं असं होतं. चहा तोडल्यावर तोंड रिकामं राहीना. साखरेचीही धास्ती, म्हणून मी बिनसाखरेच्या पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या. चहाची आठवण आली की एक. चहाची आठवण मला दिवसातून बरेचदा येते. हिने पाकीट शोधून त्यावरची मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं भिंगाने वाचली. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल. साखरेची चुलतभावंडं. गोडी देतात, पण लहान आतडं त्यांना पुरतं आत घेत नाही. मग तीही लॅक्टोजच्याच वाटेने खाली, त्याच जंतूंच्या पंगतीला. पाकिटावर छापलेलंसुद्धा होतं की जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. आयुष्यभर तळटीपा वाचून लोकांना धारेवर धरलं, आणि स्वतःच्या खिशातली तळटीप राहिली.

‘ही का नाही लिहिली वहीत?’ हिने विचारलं.

‘ती... तोंडात टाकायची असते ना,’ मी म्हणालो.

माझं पोट एवढ्यावर ताळ्यावर आलं. पण हे सगळं मी फोनवर रंगवून सांगत असताना पलीकडून ताई एकदम गप्प झाली, आणि मग म्हणाली, ‘अरे, आमच्याकडेही बघ ना जरा. वही घाल.’

तिच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, प्रकरण माझ्यासारखं हसण्यावारी नेण्याचं नव्हतं. तिला सीलिॲक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तरच झिजतं, अन्न अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही. उत्तर भारतात दिल्लीच्या आसपास घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत दर शंभरात साधारण एकाला ते सापडलं होतं, आणि अनेकांना आपल्याला ते आहे याचा पत्ताच नव्हता. भाचीचं निदान रक्ततपासणी आणि दुर्बिणीने रीतसर झालेलं होतं. तेही सुदैवाने गहू सोडण्याआधी, कारण आधीच गहू सोडला तर तपासणीत काही दिसत नाही. वर्षभर तिने पोळी, ब्रेड, रवा, शेवया, सगळं वर्ज्य केलं होतं. भाकरी आणि भात. तरी रक्ताचे आकडे हलेनात.

गव्हाचा हा गुन्हा उघडकीला आला तोही मोठ्या अवघड मार्गाने. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टरने अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. श्रेय केळ्यांना गेलं, पुढे कित्येक वर्षं जगभर केळी खिलवली गेली. केळं ज्याच्या जागी आलं होतं त्या पावाकडे जवळजवळ कुणी पाहिलंच नाही. हॉलंडमध्ये हेग शहरातले विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ पावावर संशय धरून होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची वाट अडवली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सगळी मुलं सुकत होती आणि डिके यांच्या वॉर्डातली ही आजारी मुलं मात्र बरी दिसू लागली. युद्ध संपत आलं, पाव परत आला, आणि मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी प्रबंध लिहून हे सिद्ध केलं. पुरी खातेवही बंद पडली तेव्हाच ती एक संशयित नोंद पक्की झाली. मी वाचून कितीतरी वेळ हात जोडून बसलो होतो.

ताईच्या घरच्या वहीची पानं मी व्हॉट्सॲपवर मागवली. आता मला कुठे बघायचं ते ठाऊक झालं होतं. जे लिहिलंय ते बाजूला ठेवायचं आणि जे लिहावंसं वाटत नाही ते विचारायचं. सॉस? नाही. बाहेरचं सूप? नाही. इडलीचं पीठ? घरचं. ‘वरणात काय घालतेस?’ ‘वरणात काय घालणार? मीठ, हळद, हिंग.’ ‘भाजीत?’ ‘फोडणी. मोहरी, हिंग, हळद.’ ‘ताकात?’ ‘जिरेपूड, हिंग.’

‘डबीवर काय लिहिलंय ते वाच.’

थोडा वेळ नुसता डब्यांचा आवाज. मग ताईचा, जरा लहान झालेला. ‘खाण्याचा डिंक... गव्हाचं पीठ... आणि मग हिंग.’

हिंगाचा शुद्ध चीक इतका जहाल असतो की तो बहुधा तसाच विकत नाहीत. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो तो, आणि इथे डिंक आणि मैदा, कधी तांदळाचं पीठ, घालून बांधतात. बांधानी हिंग म्हणतात ते याला. चिमटीत मैदा तो किती? पण भाचीला दिवसातून पाच-सहा वेळा, वरणात, भाजीत, कोशिंबिरीत, ताकात, पापडात. दिवसाला पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी तीन महिन्यांत आतड्याला इजा होते, असं एका प्रयोगात दिसलेलं आहे, आणि पन्नास मिलिग्रॅम म्हणजे कणीक झाली अर्धा ग्रॅम. पोळी सोडलेल्या घरात पोळी चिमटीचिमटीने, हळदीच्या शेजारच्या डबीतून येत होती. एकटा हिंगच गुन्हेगार होता असं मी शपथेवर म्हणणार नाही, पापडातही काहीबाही निघालं. पण पुढच्या तपासणीला आकडे हलले.

हिवाळ्यात भाची सुट्टीला आमच्याकडे आली. ग्वाल्हेरचा मेला लागला होता, माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला. तिथे गजक बघून मी खूश, तीळ आणि गूळ, गहू कुठेच नाही. भाचीने विक्रेत्याला शांतपणे विचारलं, ‘भैया, कूटते वक्त नीचे आटा छिड़कते हो क्या?’ भैया दुखावला, पण मग खाली बघून म्हणाला, ‘थोड़ा-सा तो... कभी-कभी.’ मला हा प्रश्न सुचलाच नसता. आक्षेप कसा काढावा हे रक्तात असतं असं मला उगीच वाटून गेलं.

परतताना तिला दालबाजारात घेऊन गेलो. एका जुन्या दुकानात हाथरसहून येणारा खड्याचा हिंग मिळतो असं कळलं होतं. दुकानदाराने तीन कागद सोडून आतला तपकिरी खडा पुढे केला. मी ऑडिटरच्या तोऱ्यात विचारलं, ‘इसमें मैदा कितना है?’

तो म्हणाला, ‘बाबूजी, सूंघ लो.’

मी नाक जवळ नेलं आणि दोन मिनिटं डोळ्यांतून धारा. भाची माझी पाठ थोपटत होती आणि हसत होती. ‘आता बसला विश्वास?’ ती म्हणाली. दुकानदाराने गल्ल्यामागून हाक मारली, ‘छोटू, बाबूजी के लिए चाय!’ हिंगाचा सौदा आहे, नाही म्हणायची रीत नाही. मी हाताने ‘नको नको’ करत होतो, आणि तोच हात काचेचा पेला धरून परत आला. वर साय तरंगत होती.

भाचीने पिशवीतून माझी लाल पाठीची वही काढली. मामीने तिच्याकडे दिली होती, सकाळीच, माझ्या नकळत.

‘मामा,’ पेनाचं टोपण दातात धरून ती म्हणाली, ‘हा आजचा तिसरा. साडेचार वाजता.’

तिने लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. मी चष्मा पुसला, नोंद तपासली, आणि खाली सही केली.